तिसऱ्या भागातली आई

२ डिसेंबर २०२४

पियू,

माझ्या फोनवरून तुझा नंबर लागत नाही, म्हणून हे स्पीडपोस्ट. तुझा पत्ता मला कुठून मिळाला ते आत्ता विचारू नकोस.

उद्या अण्णांचा दहावा. तू येणार नाहीस हे सगळ्यांनी गृहीत धरलंय. पोलिसांनी शोधून दिलेल्या नंबरवर माझ्या बाबांनी तुझ्या ऑफिसात फोन करून सांगितलं तेव्हा तू 'बरं' म्हणालीस आणि ठेवलास, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. 'बापाच्या मरणावर बरं म्हणती,' असं.

मोठी आई, तुझी आई, जेलमध्ये आहे. अण्णांना तिनंच मारलं. यात कोणाचं दुमत नाही, तिचंही नाही. ठरवून मारलं की ऐन वेळी, एवढाच प्रश्न आहे. राधेश्याम वकील म्हणतात, सगळं त्यावर आहे. ऐन वेळी, स्वतःला वाचवताना घडलं असेल तर ती काही वर्षांत बाहेर येईल. ठरवून असेल तर जन्म तिथेच जाईल.

आता काम सांगते. आपल्या पुस्तकांच्या मालिकेचा तिसरा भाग तुझ्याकडे आहे. तो कोणाला देऊ नकोस, इकडे पाठवू नकोस. कोणी फोन केला तर हरवला म्हण.

कारण असं झालं. जाफराबादहून पोलिसांचे साहेब आले होते. मला ओसरीवर बसवलं.

"बिभीषणरावची पोरगी ना तू? मयताची पुतणी?"

"हो."

"बाया म्हणून राह्यल्या का तू कापूस वेचताना गोष्ट सांगत होती. गोष्टीत काकासाहेब नावाचा माणूस अंधारात मारला जातो. इकडं तुझे चुलते, खरे काकासाहेब बी अंधाराच्या खोलीत मेले. भर दुपारी. झरोक्यात पोतं कोंबलेलं. कोणी बनवली ही गोष्ट?"

"पुस्तकातली आहे, साहेब."

मी पहिले दोन भाग आणून दाखवले. त्यांनी मुखपृष्ठावरची मुलगी आणि तिच्या पायाला चिकटलेल्या सावल्या पाहिल्या, चार पानं उलटली.

"भुताटकीचं दिसतंय."

"हो. पण मारायचं तिसऱ्या भागात आहे. तो माझ्याकडे नाही."

हे मी सांगून बसले आहे. तेव्हा तो तुझ्याकडेही नसला पाहिजे.

रेणुका


१४ डिसेंबर २०२४

पियू,

उत्तर नाही. हरकत नाही, मी लिहिते.

तिसरा भाग तुझ्याकडे आहे, तेव्हा तुला ठाऊक असेलच: 'मारायचं तिसऱ्या भागात आहे' हे मी साहेबांना सांगितलेलं वाक्य खोटं होतं. तिसरा भाग मी वाचलेला नाही. फोनवर शोधला असता तर शेवट दोन मिनिटांत कळला असता, पण तो सोबत वाचायचा असं आपलं ठरलं होतं. तू पुण्याला गेल्यावरही मी ते मोडलं नाही. का, ते मला सांगता येत नाही. शेवट मी शेतात उभी राहून रचला.

गोष्ट सांगायला सुरुवात दसऱ्यानंतर झाली. यंदा बाया मिळत नव्हत्या, म्हणून मीही वेचायला जायची. कमरेला कापसाची ओटी बांधून ओळीत वाकलं की तोंड रिकामंच. मीना म्हणाली, "तू येवढी जाडजूड पुस्तकं वाचती, आम्हाला काही सांग की. का सगळं डोक्यातच सडू देती?" मी सांगायला लागले. भिंतीआडचं शहर. तिथला कायदा, की जो कोणाला मारेल त्याच्या पायाला मेलेल्याची सावली जन्मभर चिकटेल. सगळे त्याला भितात. एकटा गव्हर्नर भीत नाही. त्याच्या पायाशी तीनशे सावल्या, त्यांच्याच जोरावर तो राज्य करतो. आणि एक सोळा वर्षांची मुलगी, जिला सावल्यांचं बोलणं ऐकू येतं.

दुसऱ्याच दिवशी बाया अडल्या. वच्छलाबाई म्हणाली, "ही इंग्रजी नावं दातात अडकून राह्यली. गावातली दे ना बाई." मी म्हटलं, तुम्हीच द्या. गव्हर्नरसाठी मीना एक क्षण थांबली नाही. "काकासाहेब!"

मोठी आई शेजारच्या ओळीत होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं तोंडाला पदर लावला आणि खांदे हलायला लागले. पियू, मी तुझ्या आईला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. मग ती म्हणाली, "त्या पोरीचं नाव मी सांगू का? पियू ठेव."

तेव्हापासून महिनाभर रोज सकाळी तिचा पहिला प्रश्न, "आज पियू कुठं पोचली?" गव्हर्नरचं विचारताना मात्र ती नवऱ्याचं नाव कसं घेणार? "मंग ह्यांनी काय केलं?" म्हणायची आणि बाया ओळीत हसून लोळायच्या.

चौदा नोव्हेंबरला अण्णा शेतात आले. गाडी बांधावर लावली. हातात फवारणीच्या पंपाची पितळी नळी होती.

"गोष्ट चालू हाये म्हने. मलाबी ऐकव."

मी रोजचा भाग घरी वहीत लिहून आणायची. ती वही त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावली. बांधावर बसून त्यांनी सगळं ऐकलं, दोनदा हसलेही. मग म्हणाले, "चांगली हाये. नाव कोनी दिलं?"

मीना माझ्या शेजारी उभी होती. तिचा श्वास ऐकू येत होता. मोठी आई म्हणाली, "म्या."

पहिले तीन फटके तिच्या ओटीवर बसले. ओटीत सहा-सात किलो कापूस होता, ती नुसती मागे सरकली. अण्णांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, "सोड ती ओटी." तिनं गाठ सोडली, ओटी खाली ठेवली, सांडू नये म्हणून तोंड दुमडलं. मग त्यांनी मारलं. दोन दात गेले. डाव्या हातानं तिनं नळी धरायला पाहिलं, त्या हाताची तीन बोटं मोडली. ती पडल्यावर पायानं मारलं. अकरा बाया होत्या. एकीनंही पुढं पाऊल टाकलं नाही. मीही नाही. शेवटी त्यांनी माझ्या हातातली वही ओढून घेतली आणि गाडीला किक मारली.

मी नेहमीच अशी उभी राहते, हे तुला माहीत आहे. तिसऱ्या भागाचं पार्सल आलं तेव्हा अण्णांनी मला विचारलं होतं, "कोन्या पोरानं पाठवलं?" आपण दोघींनी मिळून मागवलंय, एवढंच मला बोलायचं होतं. मी जमिनीकडे बघत राहिले आणि आतल्या खोलीत तुझ्या गळ्याजवळचं हाड मोडलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तू माझा नंबर बंद केलास ते बरोबर केलंस.

रेणुका


२९ डिसेंबर २०२४

पियू,

तुझं पाकीट मिळालं. आत एकच ओळ. 'पुस्तक फाडून टाकलं. तुला काय सांगायचं ते सांग, पण आई बाहेर आली पाहिजे.'

मी ती ओळ राधेश्याम वकिलांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पोरी, असलं पुस्तक मोबाईलवर दोन मिनिटात मिळतं. तू फाड, ती फाड, काय फरक पडतो? बस, समोरच्या पार्टीला सुचलं नाही अजून, तोवर ठीक." मग म्हणाले, "सतरा जानेवारीला न्यायाधीशापुढं तुझा जबाब आहे. शपथेवर. तिथं एकदा बोललीस की बदलता येणार नाही. मला आत्ता खरं सांग. अंधाराचं कुठून आलं?"

"मी रचलं."

"तू?"

"हो."

त्यांनी चष्मा खाली घेतला. "बिलकुल नको सांगू मला," म्हणाले. "मला माहीत नसलेलंच बरं."

घरी बाबा वेगळंच बोलून राह्यले. अण्णांना त्या खोलीतून त्यांनीच बाहेर काढलं. कापसाच्या गंजीत ते छातीपर्यंत रुतले होते. वरचा कापूस पांढरा आणि खाली हात घातला की लाल, गरम. बाबा आंघोळीनंतरही हात हुंगतात. मला म्हणाले, "तुझी मोठी आई आठ दिस ठरवून बसल्ती. तुला ठाव हाये. कोर्टात बराबर तेवढं सांग, बाकी काही सांगू नको."

"आणि सव्वीस वर्षं अण्णांनी तिला मारलं, ते?"

"नवराबायकोत होतं ते."

"पियूचं हाड मोडलं, ते?"

बाबांनी समोरचं ताट उचलून भिंतीवर फेकलं. वरण माझ्या अंगावर उडालं. आई पोछा घेऊन आली आणि पुसायला लागली.

आता तुला ते सांगते जे वकिलांनाही सांगितलं नाही. अंधाराचं मी रचलं नाही.

मार खाल्ल्यावर तिसऱ्या दिवशी मोठी आई बोटांना फडकं बांधून वेचायला आली. घरी राहा म्हटलं तर म्हणाली, "घरी ते हायेत." मला गोष्ट पुढं न्यायला सांगितली. मी म्हटलं, दुसरा भाग संपला, पुढचं मला माहीत नाही. तेव्हा तिनं वाकल्या वाकल्याच विचारलं, "पियूनं त्याला मारलं, तर त्याची सावली तिच्या पायाला चिकटन?"

"हो. तोच तर पेच आहे."

ती चार झाडं पुढं गेली. मग म्हणाली, "अंधारात मारायचं. अंधारात कुठं सावली पडती?"

मोठ्या आईकडे बघून मीना म्हणाली, "आगं बाई, नंदाकाकूनं गव्हर्नरचं कामच तमाम केलं!"

"आन पोरीनं न्हाई मारायचं," मोठी आई म्हणाली. "पोरीची माय मारन. पोरीला कशाला गुंतवायचं? तिचं वय हाये का?"

पियू, आपल्या मालिकेत त्या मुलीला आई नाही. पहिल्या पानावर ती मेलेली आहे. ही आई तुझ्या आईनं गोष्टीत घातली. दुसऱ्या दिवशी मी तेच इतर बायांना रंगवून सांगितलं, आणि सगळ्यांना वाटलं पुस्तकातलं आहे. खरं कुठून आलं ते फक्त मीनाला आणि मला ठाऊक. मीनानं बनशंकरी देवीची शपथ घेतली आहे, बोलणार नाही म्हणून.

मी सतराला सांगेन की पुस्तकात आहे. तुझी ओळ मी जपून ठेवली आहे.

रेणुका


९ जानेवारी २०२५

पियू,

काल जेलमध्ये जाऊन आले. बाबांना जालन्याला पुस्तकं आणायला जाते म्हणून सांगितलं.

मोठी आई बारीक झाली आहे. बोटं वाकडीच जुळली. तिनं आधी कपाशी संपली का ते विचारलं. मग मी तिला माझा जबाब कसा असेल ते सांगितलं, हळू आवाजात. तिनं ऐकून घेतलं.

"म्हंजी मी ऐकून केलं, असं?"

"ऐकूनही नाही. गोष्ट वेगळी, घडलं ते वेगळं. पोतं उंदरांसाठी लावलं होतं, असं वकील म्हणतील. ते झोपेतून उठून अंगावर आले, तू हाताला लागलं ते उचललं."

"ते उठले न्हवते," ती म्हणाली.

आणि तिनं सांगितलं. मी थांबवलं नाही, शिपाईबाई पाठ करून उभी होती.

रविवारी जेवून अण्णा कापसाच्या खोलीत आडवे झाले. भाव वाढेपर्यंत ते गंजीवरच झोपायचे, तुला माहीतच आहे. तिनं बाहेरून शिडी लावून झरोक्यात पोतं कोंबलं. वखराची पास, ते लांब लोखंडी पातं, पदराखाली घेऊन आत गेली, दाराला आतून कडी घातली. काही दिसत नव्हतं. घोरण्याच्या आवाजावर ती गुडघ्यांनी गंजी चढली. पहिला घाव खांद्यावर बसला. ते ओरडले, पण कापसात आवाज दबला. त्यांनी चाचपडत तिची वेणी धरली आणि तिला खाली ओढलं. गळा दाबला. तिच्या डोळ्यांपुढं अंधारातही काजवे चमकले, म्हणाली. दुसरा घाव कुठं बसला ते तिला कळलं नाही, पण गळ्यावरचा हात सैल पडला. त्यानंतर ती मारत राहिली. कापूस खाली दबत गेला आणि दोघं सोबत खाली जात राहिले.

"किती वेळा?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं.

"मोजलं न्हाई. हात थकला तवा थांबले."

मी रडत होते. ती नव्हती.

"काहून केलंस गं? इतकी वर्षं काढलीस, आत्ताच काहून?"

तिनं इकडे तिकडे पाहिलं. "तुझ्या वहीच्या मागल्या पानावर पियूचा पत्ता होता."

पियू, हा पत्ता मला तुझ्या मैत्रिणीनं, दैवशालानं, दिवाळीत दिला होता. कधीतरी तुला पत्र लिहायचं म्हणून मी तो वहीच्या शेवटच्या पानावर उतरवला आणि त्याच वहीत गोष्ट लिहीत गेले. अण्णांनी वही नेली तेव्हा मला पत्त्याची आठवणही नव्हती. शनिवारी संध्याकाळी त्यांनी मोठ्या आईला तो वाचून दाखवला. सोमवारच्या सकाळच्या गाडीनं पुण्याला निघणार होते. म्हणाले, "ह्या खेपेला हाड न्हाई मोडत. घेऊनच येतो न्हाईतर तिकडंच संपवतो." पास त्यांनी स्वतःच काढून ठेवली होती, पिशवीत घालायला. तिनं ती तिथूनच उचलली.

म्हणजे मार तिनं माझ्या गोष्टीमुळे खाल्ला, आणि खून माझ्या वहीमुळे केला. हे तुला कळायलाच हवं होतं. ते सांगायला मी चार पत्रं लावली.

मी तिला म्हटलं, मला खोटं बोलू दे. तुझी पोरगीही तेच म्हणते.

"न्हाई," ती म्हणाली. "हे बघ रेणे. माझं लगीन माझ्या बापानं ठरवलं. पोरीचं नाव सासूनं ठेवलं. कोनतं लुगडं नेसायचं ते बी दुसऱ्याच्या मर्जीनं. येवढी एक गोष्ट मी माझ्या डोक्यानं केली. काकासाहेबाला मी मारलं. ते तू त्या पुस्तकावर घालू नको."

तिनं नवऱ्याचं नाव घेतलं, पियू. शिपाईबाईनं मागे वळून पाहिलं.

"जन्म जाईल गं इथं."

"जाईना. तिकडं कुठं राह्यला होता?"

मला काही सुचत नाही. सतराला आठ दिवस आहेत. तू काहीतरी लिही. शिवी लिही.

रेणुका


१८ जानेवारी २०२५

पियू,

तू काही लिहिलं नाहीस.

काल जाफराबादला जबाब झाला. बाबा जीपमध्ये माझ्या शेजारी बसून आले. कोर्टाच्या दारात त्यांनी माझा दंड धरला आणि सोडताना इतका पिरगाळला की तिथं बोटांचे वळ उमटले. आत फक्त न्यायाधीश बाई, टंकलेखक आणि मी. बाईंनी विचारलं, कोणाचा दबाव आहे का? मी बाही खाली ओढली आणि नाही म्हणाले. मग वाटलं, हे पुन्हा तेच झालं, पुन्हा जमिनीकडे बघणं. मी बाही वर केली आणि दाखवलं. बाईंनी ते लिहून घेतलं.

मग मी सगळं सांगितलं. अंधाराचं माझ्या चुलतीला सुचलं, पुस्तकात ते नाही, मी ते पुस्तक वाचलेलंच नाही आणि पोलिसांना खोटं सांगितलं. तुझ्या आईनं गोष्टीत घातलेली आईही सांगितली. टंकलेखक थांबला. म्हणाला, "मॅडम, हे पण टाकायचं का?" बाई म्हणाल्या, "सगळं टाका."

थांबले नाही. पितळी नळी सांगितली, ओटी सोडायला लावली ते सांगितलं, दात, बोटं. वही, मागचं पान, सोमवारची गाडी. तुझं हाड. एक तास चाळीस मिनिटं. सही करताना हात ओला होता, पानावर डाग पडला.

बाहेर राधेश्याम वकील उभे होते. त्यांना माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं. "मारून टाकलंस पोरी तिला," म्हणाले. मग थोडं पुढं चालून परत आले. "नळीचं सांगितलंस? पुण्याचं?"

"सांगितलं."

"पुण्याचं तुला तुझ्या चुलतीनं सांगितलं. ऐकीव आहे. शेतातल्या बाया मयताविरुद्ध बोलणार नाहीत, तुझा बाप तर नाहीच. हाड मोडलेली पोरगी समोर उभी राहिली आणि बोलली, तर काहीतरी होईल. नाहीतर काही नाही."

"ती येत नाही."

"बोलाव."

बाबा परतीच्या जीपमध्ये बसले नाहीत. घरी माझं अंथरूण आणि पुस्तकं अंगणात टाकलेली होती. मी सध्या मीनाकडे आहे. तीही माझ्याशी बोलत नाही. तिनं शपथ पाळली आणि मी सगळं ओकले, म्हणून. पण ताट वाढते. आज सकाळी माझ्या दंडाला तिनं हळद लावली आणि म्हणाली, "मेली असती तरी मी न्हाई सांगितलं असतं."

जेलमधून मी निघताना मोठ्या आईनं मला जाळीतून बजावलं होतं, पियूला यातलं काही कळवू नको. तिला तिकडं राहू दे, तिला कोर्ट दाखवू नको. तेवढ्यासाठीच तर सगळं केलं. मी तिला हो म्हणाले होते.

जामिनाची तारीख सहा फेब्रुवारी, गुरुवार. जालना, सकाळी अकरा. पुण्याहून रात्रीची गाडी पहाटे स्टँडवर येते. मी तिथं पाच वाजल्यापासून असेन. तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही. मी पुढं चालेन, तू मागून ये. कोर्ट फार लांब नाही.

रेणुका